साहेबांनी प्रश्न मांडला, तुम्ही फक्त टाळ्या वाजवा

अधिवेशनाच्या दिवसांत मतदाराने सुखात राहायचं असेल तर एकच पथ्य पाळावं. आपल्या आमदारसाहेबांचा प्रश्न ऐकावा, मंत्र्यांचं उत्तर विचारू नये. मी विचारलं आणि गल्लीच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. पडलो कसला, काढलं मला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

झालं एवढंच की परवा साहेबांचा व्हिडिओ आला. (कोणते साहेब ते विचारू नका, आपापले घाला.) हातात कागद, तर्जनी वर, "अध्यक्ष महोदय, सोलापूरकरांचा अंत पाहू नका!" मागे हलगी, खाली लाल अक्षरांत 'सभागृह दणाणले'. ग्रुपवर वाघ, आग, हार-फुलं सगळं पडलं. मी लिहिलं, "मग मंत्री काय म्हणाले?" तर एक जण म्हणे, "काका, चांगल्या कामात खोडा घालू नका." दुसरा म्हणे, "समोरच्या पार्टीचे हाव का बे तुम्ही?" संध्याकाळपर्यंत ॲडमिनने माझा प्रश्न निकाली काढला.

तर पहिली सूचना: व्हिडिओ जिथे कापलाय तिथेच आपली उत्सुकता कापावी.

दुसरी, साहेबांच्या समोरचे मंत्र्यांचे बाक भरलेत की रिकामे, हे मोठं करून पाहू नये.

तिसरी जरा अभ्यासाची आहे. साहेबांनी कोणतं संसदीय आयुध वापरलं, म्हणजे विषय सभागृहात कोणत्या मार्गाने मांडला, ते चुकूनही तपासू नका. तारांकित प्रश्न असला तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. म्हणजे साहेबांनाही विषय माहीत असावा लागतो, ही मोठीच अडचण. अतारांकितला उत्तर कागदावर येतं, त्यात हलगी कुठे घालणार? लक्षवेधीला मंत्री निवेदन करतो, पुन्हा उपप्रश्न आलेच. त्यापेक्षा औचित्याचा मुद्दा बरा. उठायचं, वाचायचं, बसायचं. मंत्र्याने लगेच उत्तर द्यायलाच पाहिजे असं काही नाही. व्हिडिओ मात्र तितकाच दणदणीत निघतो.

गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला तर दुःख करू नये. गोंधळाचाही व्हिडिओ येतो.

आता प्रश्न छापील यादीत आला आणि त्याला उत्तरही मिळालं, असा अपघात घडलाच तर ते उत्तर वाचायची एक रीत आहे. प्रश्नाचा साचा ठरलेला: 'सोलापूर शहरास अनियमित पाणीपुरवठा होत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?' उत्तराचा साचाही ठरलेला: 'हे अंशतः खरे आहे.' बरोबरच आहे. नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, म्हणजे वीस-पंचवीस टक्के तरी खरं असणारच. मग सरकारने काही कार्यवाही केली का, यावरचा शेवटचा प्रश्न: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' त्याला उत्तर: 'प्रश्न उद्भवत नाही.'

उद्भवत नाही? विडी घरकुलात येऊन बघा म्हणावं उद्भवतो का. तिथल्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पाणी यायच्या दिवशी ती घागरी, बादल्या, पिंप भरत बसते, हजार पुऱ्या होत नाहीत आणि तेवढे पैसे कमी मिळतात. लूमवर रात्रपाळी करून आलेला माणूस झोपायचं सोडून मोटर लावत बसतो. उजनी धरण ११७ टीएमसीचं, त्यातलं जवळपास ६३ मृतसाठा. उन्हाळ्यात तो मृतसाठाही उपसायचा, पावसाळ्यात धरण तुडुंब भरलं की दारं उघडून भीमेत पाणी सोडायचं आणि जुळे सोलापुरातल्या माणसाने दोन्ही ऋतूंत टँकरवाल्याचा नंबर पाठ ठेवायचा. समांतर जलवाहिनीचं नाव घेत घेत आमची पोरं कॉलेज करून पुण्याला गेली. उजनीपासून सोलापूरपर्यंत सुमारे ११० किलोमीटरची वाहिनी, दिवसाला १७ कोटी लिटरची क्षमता, सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण पाणी वेशीपर्यंत आलं की उड्या मारून घरात येत नाही. त्याला टाक्या लागतात, गल्लीबोळातले जुने पाइप बदलावे लागतात. मग साहेब, विचारा ना तेच! कोणती टाकी कोणत्या महिन्यात पुरी होणार? कोणत्या भागातले पाइप बदलले, कोणते राहिले? अमुक तारखेला रोज पाणी देणार होतात, त्याचं काय झालं? असं नेमकं विचारलं तर मंत्र्याला 'अंशतः' म्हणता येत नाही. पण असल्या प्रश्नांना हलगी जमत नाही. 'अंत पाहू नका' हा प्रश्न आहे का? ते रडगाणं आहे, आणि रडायला आम्ही आहोत की इथे, तुम्हाला कशाला पाठवलं?

असो. तोल सांभाळतो.

प्रश्न वर्षानुवर्षे सुटला नाही तर त्याला पाठपुरावा म्हणावं. सुटला तर श्रेय म्हणावं. २०२३ च्या जूनमध्ये विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली आणि गोव्याचं पहिलं विमान उडायला २०२५ चा जून उजाडला. त्या दिवशी 'पाठपुराव्याला यश' म्हणणारे इतके निघाले की त्या छोट्या विमानाला चार फेऱ्या लागल्या असत्या. आधीची दोन वर्षं विमान का उडत नव्हतं, त्याचं श्रेय घ्यायला मात्र होटगी रोडच्या विमानतळाकडे कुणी फिरकलं नव्हतं.

नागपूरच्या अधिवेशनातून साहेबांचा संत्र्यांसोबतचा फोटो आला तर लाइक करावा.

आणि आता खरं सांगू का? मला साहेबांपेक्षा तुमचा राग येतोय. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीतून टाकलेल्या असतात. कुणीही उघडाव्यात, वाचाव्यात. तुमच्यातल्या किती जणांनी वाचल्या? मंत्र्याने सभागृहात शब्द दिला तर तो पाळला का, हे बघायला आश्वासन समिती असते. तिचं नाव तरी कानावर आलंय का? साहेब कोणत्या बारशाला आले, कोणत्या मयतीला आले नाहीत, कुणाच्या लग्नात किती वेळ थांबले, ते तुम्हाला मिनिटांसह पाठ. त्यांना कळून चुकलंय की तुम्हाला आवाज पाहिजे, पाणी नको. म्हणून ते आवाज देतात. तुम्ही तो पुढे ढकलता, आणि मधे कुणी 'उत्तर काय?' म्हटलं तर त्यालाच पार्टी विचारता. नळ कोरडा पडला की मग कुणाची पार्टी हो? भगवा, तिरंगा, निळा, कुठलाही गमछा पिळून बघा, बादली भरती का!

निवडणुकीला साहेब दारात येतीलच. हार नंतर घाला. आधी त्या प्रश्नाच्या उत्तराची प्रत मागा आणि उपप्रश्न का विचारला नाही ते विचारा. प्रत नाही म्हणाले तर चहा न देता लावा वाटेला. दारात आलेल्याला बिनचहाचं पाठवणं आपल्या जिवावर येतं, ठाऊक आहे मला. येऊ द्या की एकदा.