मांडवीच्या कट्ट्यावर बेवॉच

रत्नागिरीच्या मांडवी जेट्टीजवळचा आमचा कट्टा. सुरुवात पप्याने केली. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "अमेरिकेतले फॉक्स वाहिनीवाले बेवॉच परत काढतायत, ती लाइफगार्डांची मालिका. नवीन."

संजूने चहाचा ग्लास कठड्यावर ठेवला आणि ती सुरुवातीची धून शिट्टीवर वाजवली. अख्खी. तीस वर्षं झाली, पण एक सूर इकडचा तिकडे नाही. जेट्टीवर गळ टाकून बसलेले दोघं वळून हसले, म्हणजे त्यांनाही ओळखता आली.

"झालं! एकदा पिढी बिघडवून पोट भरलं नाही वाटतं," भाई म्हणाले आणि छत्रीचं टोक फरशीवर आपटलं. भाई बँकेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. पाऊस असो नसो, छत्री बरोबर असतेच, आणि ती दोनदा आपटली की तिसऱ्या वाक्यात 'आपली संस्कृती' येते. परवा पापलेटच्या भावावरून निघाले होते, तरी तिथेच पोचले.

"बिघडलं कोण, भाई? एक नाव सांगा," विद्या म्हणाली.

"अगं, एक काय? हा संजू घे!"

"तो आधीपासूनच बिघडलेला होता. बेवॉचला कशाला श्रेय?"

संजू खूश झाला. १९९२-९३ला त्याने घराच्या गच्चीवर डिश बसवली. परातीच्या आजोबासारखी दिसायची. वायर माडावरून माडावर आणि तिथून विजेच्या खांबावर. वादळ आलं की अर्ध्या आळीचा टीव्ही जायचा. तोवर आम्हाला फक्त दूरदर्शन ठाऊक. मग एकदम स्टार आलं, आणि त्यात कॅलिफोर्नियाचा समुद्र.

"लोक नाव घ्यायचे नाहीत रे," संजू सांगू लागला. "महिन्याचे पैसे द्यायला आले की हळूच विचारायचे, 'ते किनाऱ्यावर सावकाश पळण्याचं कधी असतं?' मी म्हणायचो, बातम्यांनंतर."

"काका, ऐका," पप्या वाचू लागला. "गिनीज बुकात आहे. दर आठवड्याला १.१ अब्ज लोक बघायचे, १४२ देशांत. तेव्हाची जगातली सगळ्यात जास्त बघितली जाणारी मालिका."

"मोजले कोणी?" संजूने विचारलं. "माझ्याकडे दोनशेच्या वर कनेक्शनं होती आणि करमणूक करवाल्याला मी सत्तर दाखवायचो. म्हणजे अब्जाच्या वर अजून माझी एकशेतीस घरं धर."

पप्या पुढे वाचत होता. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९८९ला सुरू झाली आणि एका सीझननंतर १९९०मध्ये बंद पडली. मग मालिकेचा नायक डेव्हिड हॅसलहॉफ स्वतः निर्मात्यांत शिरला. मोठी वाहिनी पाठीशी नसताना ती एकेका स्टेशनला आणि परदेशात विकली, १९९१ला परत उभी केली आणि मग ती थेट २००१पर्यंत चालली.

"म्हणजे बघा भाई," विद्या म्हणाली, "अमेरिकेने ती टाकून दिली होती. आपण परक्यांनी पाण्यातून ओढून काढली. त्या मालिकेत कोणाकोणाला वाचवलं ते मला आठवत नाही, पण मालिकेला तुम्ही-आम्ही वाचवलं."

"मी नाही!" भाई.

"बरं, तुम्ही नाही."

"ऑस्ट्रेलियात हाकलून दिली, वाचलंय मी! सिडनीजवळ. तिथले लोक रस्त्यावर आले. ते गोरे असून त्यांना कळलं, आपल्याला नाही कळलं."

"ॲव्हलॉन," विद्या म्हणाली. तिला समुद्राचं सगळं ठाऊक असतं. "पण पोहण्याचे कपडे बघून नाही हाकललं, भाई. त्या गावात लहान मुलं शाळा सुटली की फळी घेऊन लाटांवर जातात. गावकऱ्यांचं म्हणणं होतं, शूटिंगवाले येतील, गर्दी येईल आणि आमचा किनारा आमचा राहणार नाही. म्हणून मग ती मंडळी हवाईला गेली. हे भांडण इथल्या कोणालाही समजेल. आरे-वारेला शनिवारी गाडी लावून दाखवा."

यावर पार्किंगचं निघालं आणि दहा मिनिटं तेच चाललं. संजूच्या भाच्याची गाडी वाळूत रुतली होती ती कोणी काढली, ट्रॅक्टरवाल्याने किती घेतले, वगैरे. मग पप्याला प्रियांका चोप्रा आठवली. २०१७च्या सिनेमात ती होती, खलनायिका. भाईंचा चेहरा जरा उजळला. "आपली मुलगी ना!" म्हणाले.

"ती चालते होय?" विद्याने शांतपणे विचारलं.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं, कारण कट्ट्यावर ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजात असताना विद्या भाट्याच्या बाजूला पोहायला जायची. समुद्रातल्या शर्यतींची तयारी करत होती. भाऊ किनाऱ्यावर घड्याळ घेऊन उभा असायचा. काळा, साधा, अंगभर पोशाख. आणि १९९४-९५च्या सुमारास पोरांना एक नवा शब्द मिळाला. ती पाण्याबाहेर आली की कठड्यावरून हाक यायची, "बेवॉऽऽच!" हाक मारणाऱ्यांत मी नव्हतो. हसणाऱ्यांत होतो. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं आहे आणि तिने काही उत्तर दिलं नाही. ते बरोबरच होतं. भाई तेव्हा चाळिशीत. ते तिच्या वडिलांकडे गेले आणि 'मुलीला आवरा, टीव्हीचं खूळ शिरलंय' असं सांगून आले. वडिलांनी पोहणं बंद नाही केलं, पण पोशाखावरून भावाची हाफपँट घालायला लावली.

"ओल्या हाफपँटीचं वजन किती असतं ठाऊक आहे का तुम्हाला?" विद्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "प्रत्येक हाताला मागे खेचते. तीन किलोमीटर. दोन शर्यती तशा पोहले आणि मग सोडून दिलं."

"मी तुझ्या चांगल्यासाठी..."

"भाई, मी त्या मालिकेच्या चार वर्षं आधीपासून पोहत होते. केबल आली त्याच्या आधी मी पोहणारी मुलगी होते. केबल आल्यावर मी बेवॉच झाले. त्या मालिकेतल्या बायकांच्या पोशाखात काय वाईट होतं? लाल, पुढून-मागून एकसंध, तिथले खरे लाइफगार्ड लालच घालतात. कॅमेरा कुठे धरायचा ते ठरवणारे वेगळे होते. आणि तो कॅमेरा तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांत घालून आणलात भाट्याला."

कोणी काही बोललं नाही. संजूने उगाच ग्लासातला तळचा चहा हलवला.

मग नंदू बोलला. नंदू मिऱ्याचा. बोलतो कमी, आणि तोवर तो भाईंच्या शेजारी पाय लोंबकळत सोडून नुसता भरती बघत बसला होता. "मी लाइफगार्ड झालो तो बेवॉच बघूनच," तो म्हणाला. "हसा आता."

"नाही हसत," पप्या म्हणाला.

"आमच्याकडे माणूस बुडला की शोधायला माणसं होती. होडी घेऊन, जाळं घेऊन, रात्रभर. माझे काका जायचे. दोन-तीन दिवसांनी प्रेत कुठे लागणार, तेसुद्धा ते वाऱ्यावरून सांगायचे. पण कोणी बुडू नये म्हणून सकाळपासून येऊन बसलेला माणूस आमच्याकडे नव्हता. तसा कोणी असतो, त्याला पगार असतो, त्याला उंचावर बसायला खोपी असते, हे मी संजूच्या टीव्हीवर पहिल्यांदा बघितलं. पळणं-बिळणं सोडा. एवढं हळू पळालो असतो तर पहिल्याच दिवशी नोकरी गेली असती."

२००८ला गोव्यात सरकारने किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले, तेव्हा नंदू गेला. सहा वर्षं होता. हातात ती लाल फ्लोट, मालिकेतल्यासारखीच. ती कशाला असते हे त्याने त्या दिवशी सांगितलं, आणि मला इतकी वर्षं ते ठाऊक नव्हतं. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या खांद्यावर चढतो. त्याला त्या क्षणी तुम्ही माणूस दिसत नाही, जमीन दिसता. म्हणून आधी फ्लोट पुढे करायची, त्याच्या नि आपल्या मध्ये ठेवायची. त्याने ती धरली की मगच जवळ जायचं.

"आणि बाहेर काढल्यावर उलटा धरू नका रे," नंदू म्हणाला. "अजून लोक पोट दाबत बसतात पाणी काढायला. मडकं आहे का ते? श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा. पोटातलं पाणी राहू दे पोटात."

"पण मालिकेत तर दोन फुंकरीत उठून बसायचे," संजू म्हणाला.

"आणि लगेच प्रेमात पडायचे. माझ्या आयुष्यात मी काढलेला एकही माणूस माझ्या प्रेमात पडला नाही. एकाने शिवी दिली, त्याची बाटली पाण्यात गेली म्हणून."

मग त्याने पप्याला सांगितलं, "तुझ्या त्या मोबाइलवर मायकल न्यूमन बघ."

पप्याने बघितलं. आम्हाला कोणालाच नाव ओळखीचं नव्हतं. हॅसलहॉफ ठाऊक, पामेला अँडरसन तर छोटू चहावाल्यालाही ठाऊक, आणि तो जन्मला तेव्हा मालिका संपलेली होती. न्यूमन कोण? तर त्या सगळ्या नटांमधला खरा लाइफगार्ड. अग्निशमन दलातही होता. आधी धोक्याची कामं करायला घेतला आणि मग कॅमेऱ्यासमोर उभा केला, स्वतःच्याच नावाने. २००६ला त्याला पार्किन्सन्स झाला आणि २०२४च्या ऑक्टोबरात, अडुसष्टाव्या वर्षी तो गेला. मालिका सुचली तीही एका खऱ्या लाइफगार्डलाच, ग्रेगरी बोनॅन त्याचं नाव.

"त्यांच्याकडे, लॉस एंजेलिसला, लाइफगार्ड अग्निशमन दलात धरतात," नंदू म्हणाला. "कायमचेही असतात. मी इकडे परत आलो तेव्हा एका ठेकेदाराकडे होतो. दर वर्षी नवा कागद. पावसाळ्यात घरी बसा म्हणायचा. अरे, पावसाळ्यातच तर माणसं मरतात! शिट्टीसुद्धा मी माझ्या पैशाने घेतली."

"मुरूड," विद्या हळूच म्हणाली.

रायगडातलं मुरूड म्हटलं की आमच्या पट्ट्यात कोणाला पुढचं सांगावं लागत नाही. १ फेब्रुवारी २०१६. पुण्याहून सहलीला आलेली १४ मुलं बुडाली. भर दुपारी.

"तिथे पावसाळा पण नव्हता," ती म्हणाली. "ओहोटी होती. लाटा दोन्ही बाजूंना फुटत असतात नि मध्ये एक पट्टा अगदी शांत दिसतो ना, नवखा माणूस तिथेच उतरतो. त्याला वाटतं, इथे बरं आहे. तिथूनच पाणी आत ओढतं. मी माझ्या बॅचला पहिल्या दिवशी पोहायला शिकवतच नाही. इथे आणून उभं करते नि विचारते, कुठे उतराल? सगळे त्या शांत पाण्याकडे बोट दाखवतात. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, आडवं पोहायचं, किनाऱ्याला समांतर, पट्टा संपेस्तोवर. एवढं एक वाक्य पाठ असतं तर..."

तिने ते पुरं केलं नाही.

भाईंना शांतता सहन होत नाही. त्यांनी छत्री आपटली. "तेच म्हणतोय मी! हे ज्ञान आपल्याकडे होतंच. आपले पूर्वज समुद्राला नारळ देत होते. नारळी पौर्णिमेच्या आधी पाण्यात पाऊल नाही, हा नियम होता नियम! टीव्हीने काय दिलं? उघडी अंगं दिली. समुद्राबद्दलचा आदर गेला. मर्यादा गेली. आमच्या वेळी मुलं..."

"भाई, त्या नियमातलं अर्धं मला मान्य आहे," विद्या म्हणाली, "पण नारळ टाकून झाल्यावर किनाऱ्यावर माणूस कोण बसवणार?"

"संस्कार! संस्कार बसवायचे!"

"संस्काराला पोहता येतं का?"

मग जे जुंपलं ते जुंपलं. भाई उठून उभे राहिले. संजू मध्ये पडून म्हणाला की बेवॉच लागली असताना पावसाने सिग्नल गेला, की भाईंच्याच घरून पहिला फोन यायचा, 'बीबीसी दिसत नाहीये' म्हणून. भाई म्हणाले, बीबीसीच बघत होतो. पप्या म्हणाला, बीबीसीवर काय बघत होतात ते सांगा. भाई म्हणाले, आखाती युद्ध. विद्या म्हणाली, युद्ध १९९१ला संपलं, संजूची डिश नंतरची. सगळे एकाच वेळी बोलत होते, हातवारे चालले होते, भाईंची छत्री हवेत होती.

तेवढ्यात छोटू ग्लास गोळा करायला आला आणि थांबला. "नंदूकाकांना काय होतंय?"

आम्ही बघितलं. नंदू जागच्या जागी ताठ बसला होता. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, डोळे कुठेच न बघणारे. दोन्ही हात बाजूला पसरून तो हवा खाली दाबत होता, जशी शिडी चढायचीय आणि शिडी नाही. आवाज नव्हता. माझ्या पोटात गोळा आला.

विद्याने मात्र हातातल्या घड्याळाकडे बघितलं.

नंदूने तोंड मिटलं. "किती झाले?"

"मी बघितल्यापासून पन्नास सेकंद."

"संपलो मी," नंदू म्हणाला. "बुडणारा हाक मारत नाही. हात हलवत नाही. त्या मालिकेत सगळे 'हेल्प, हेल्प' ओरडायचे ना, ते साफ खोटं. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, तर ओरडणार कशाने? आणि भाई, मी तुमच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो."

भाई खाली बसले. नंदूकडे एकदा, विद्याकडे एकदा बघितलं. खरोखर हादरले होते.

"मला वाटलं," ते म्हणाले, "माझ्या बोलण्याची तुला जांभई आली."

"ती पण आलीच होती," नंदू म्हणाला.

विद्याला आधी हसू फुटलं, मग संजूला, मग भाईंना स्वतःला. इतके, की छत्री कठड्यावरून खालच्या काळ्या वाळूत पडली आणि ती आणायला पप्या उडी मारून गेला. "पळ रे, पळ!" संजू वरून ओरडला आणि परत ती धून शिट्टीवर सुरू केली. पप्या छत्री डोक्यावर धरून, गुडघे उचलत, जमेल तितका सावकाश पळत आला.