जलपर्णी एकाच वाणाची आहे, पण कच्ची नाही

मराठवाड्यात सध्या एक मजकूर फिरतोय: ‘जलपर्णीत जनुकीय विविधता नाही, सगळी रोपं एकाच रोपाच्या नकला. म्हणून जलपर्णी खाणारे भुंगेरे पाण्यात सोडा, एक उन्हाळा धरण आटू द्या, ती कायमची संपेल.’

पहिलं वाक्य जवळपास बरोबर आहे. अॅमेझॉन खोऱ्याबाहेरची जलपर्णी बहुतेक ठिकाणी एकाच क्लोनची निघते. पण त्यामुळे ती कमकुवत ठरत नाही. साल्व्हिनिया मोलेस्टा हा पाण्यावर तरंगणारा नेचा तर पूर्ण वांझ, आणि तरी ब्राझीलहून येऊन त्याने केरळचे कालवे भरले. फुटवे फुटायला ऊब आणि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद पुरतं. नांदेडला गोदावरीच्या मोकळ्या पाण्यावरचं रोप हातात घ्या: देठ आखूड, फुगीर, दाबला की स्पंजासारखा. दाटीतल्या रोपाचा देठ हातभर उंच आणि सडसडीत. लोक या दोन जाती समजतात. वाण एकच, जागेप्रमाणे बांधा बदलतो.

‘आटू द्या’ हा सल्ला मात्र घातक आहे, आमच्या भागात तर फारच. एकटा क्लोनही स्वतःच्या परागावर बी धरतो. फूल मावळलं की दांडा पाण्याकडे वाकतो, बोंड फुटतं, बारीक बी तळाला बसतं आणि गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. पाणी ओसरून गाळ उघडा पडला आणि त्यावर पुन्हा ओल आली की ते रुजतं. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तो 2016 चा उन्हाळा आठवा. तसा दुष्काळ वरची रोपं वाळवतो आणि खालच्या बियांना वाट करून देतो.

जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगेरे 1980 च्या दशकात बेंगळुरूच्या तलावांत चांगले चालले. एकसारख्या क्लोनला प्रतिकार लवकर उभा करता येत नाही, हेही खरं. पण भुंगेऱ्याची अळी देठ पोखरत खाली जाते आणि पाण्यातल्या जिवंत मुळ्यांवर कोष करते. धरण आटलं की कोष मरतात, बी राहतं. पुढच्या पावसाळ्यात रोपं येतात, भुंगेरे नसतात. जेसीबीने सगळं एकदम उपसलं तरी हेच होतं.

त्यामुळे पाणी शेवटपर्यंत टिकतं त्या डोहात भुंगेरे असलेल्या जलपर्णीचा एक पट्टा तरंगत्या दोरखंडाने अडवून राखा. बाकीची जलपर्णी फुलोऱ्याआधी काढून पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या, वर टाका. ओल्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून आधी काठावर निथळू द्या. धरणाच्या गाळात बी असतं, म्हणून तो कोरडवाहू रानात चालेल, शेततळ्याच्या वरच्या अंगाला नको. धरण पुन्हा भरू लागलं की काठाच्या चिखलात रुजलेली बारीक रोपं दर आठवड्याला हाताने उपटा. ती सुटून तरंगू लागली की हाताबाहेर जातात.