बस कुठे थांबते?

काल दुपारी आमच्या टपरीसमोर स्कूल बस थांबली, पोरं उतरली आणि डावीकडून एक स्कूटर सुसाट गेली. बसमधल्या मदतनीस ताईंनी एका पोराचं दप्तर धरून मागे ओढलं, म्हणून वाचला. सुध्या भडकलाच.

"लेकीकडे न्यू जर्सीला होतो तेव्हा नातीला रोज बसपर्यंत सोडायचो. लाल दिवे लुकलुकले, बाजूने 'स्टॉप'ची पाटी बाहेर आली की दोन्हीकडच्या गाड्या २५ फुटांवर उभ्या!"

"मधे डिव्हायडर असला तर तुमच्याकडे समोरचे थांबत नाहीत, ताशी १० मैलांनी निघून जातात," विन्या म्हणाला. तो बरीच वर्षं न्यूयॉर्कला होता. "आमच्याकडे डिव्हायडर असो नसो, थांबायचंच."

"डिव्हायडर ओलांडून पोर येणार आहे का? पलीकडच्यांना कशाला अडवायचं?"

"नियमाला फाटे फुटले की ड्रायव्हर विचार करत बसतो. तेवढ्यात बस मागे पडलेली असते."

मला विन्याचं पटलं. बंड्याचं मात्र एकच, दंड ठोका, कॅमेरे लावा.

"आमच्याकडे न्यूयॉर्कला लावलेत की," विन्या म्हणाला. "बसवरच्या कॅमेऱ्यात सापडलं तर पहिल्यांदा २५० डॉलर. पण नोटीस जाते गाडीच्या मालकाला, लायसन्सवर गुन्ह्याचे पॉइंट चढत नाहीत. पोलिसाने पकडलं तरच चढतात."

मग मी अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यातल्या रोचेस्टरजवळचं सांगितलं. ३० ऑक्टोबर २०१८, सकाळचा अंधार. बस थांबलेली, दिवे चालू, पाटी बाहेर. नऊ वर्षांची बहीण आणि तिचे सहा वर्षांचे जुळे भाऊ रस्ता ओलांडून बसकडे निघाले होते. पिकअपने उडवलं, तिघंही गेली. चालवणारी म्हणाली, दिवे दिसले, पण ती बस आहे हे कळलं नाही.

कोणी काही बोलेना. चहावर साय धरली.

"म्हणजे कायदा होता, दिवे होते, पाटीही होती," बंड्या म्हणाला.

होतं सगळं. म्हणून २०१९ मध्ये तिथे शिक्षा वाढवलीच, पण बसलाही नियम घातला: गावाबाहेरच्या हायवेवर, दुसरी सुरक्षित जागा असेल तर, पोराला रस्ता ओलांडावा लागेल असं थांबायचं नाही. मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. समोरचा थांबेल या भरवशावर सहा वर्षांचं पोर रस्त्यात सोडायचंच कशाला?

सुध्याने वळून पाहिलं. बस टपरीच्या बाजूला थांबते आणि उतरणारी पाचही पोरं रस्त्यापलीकडे देवळामागच्या सोसायटीतली.

उद्या साडेबाराला बसवाल्या काकांना गाठायचं ठरलंय. पुढच्या चौकातून वळून देवळाच्या बाजूला बस लावायला दोन मिनिटं जास्त लागतील, एवढंच.