श्रद्धा चर्चच्या दाराबाहेर का येऊ नये?

'श्रद्धा घरात नि चर्चमध्ये ठेवावी, सार्वजनिक कामात फक्त व्यवहार पाहावा' हे एका लेखात वाचलेलं मत ख्रिस्ती म्हणून मला अजिबात पटलं नाही. बायबलमध्ये जकातदार बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी दीक्षा) घ्यायला आले तेव्हा संदेष्टा योहानाने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं (लूकचं शुभवर्तमान, अध्याय 3). शिपायांना म्हणाला, धाकदपटशाने पैसे उकळू नका. हा व्यवहारच आहे की!

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीची मी खजिनदार. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन देताना कंत्राटदाराने बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, तुमचं काय ते बघून घेऊ ना?" अशा वेळी तिथल्या तिथे नाही म्हणावं लागतं. वॉचमनचा पगार एजन्सीने अडकवला, तेव्हा बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय डोळ्यांपुढे आला. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं तिथे लिहिलंय. वॉचमनच्या हातात पैसे पडेपर्यंत मी एजन्सीच्या पुढच्या चेकवर सही केली नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या हिरवाईसाठी आंदोलनात उतरले आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. त्यांचं धर्मगुरू असणं कुठे आड आलं?

आमच्या ख्रिस्ती लोकांनाही एक सांगायचंय. इतरांनी कसं वागावं यावर आपण फार बोलतो. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींना नाताळात पगारी सुट्टी देतो का, ते आधी बघू या.