पैसे पाण्यातच घालायचेत, तर मग इलेक्ट्रिकनेच घाला

यॉट घ्यायची ठरलंच असेल तर इलेक्ट्रिकच घ्या, माझं ऐका. आवाज नाही, धूर नाही, डेकवर डिझेलचा वास नाही. फक्त एक पथ्य पाळा, जवळपास कुणाला हिशोब करू देऊ नका. कारण काय, तर एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते, इंजिन त्यातली निम्म्याहून जास्त नुसती तापण्यात घालवतं, तरी साडेतीन-चार युनिट प्रोपेलरपर्यंत पोचतातच. तेवढंच काम बॅटरीकडून करून घ्यायचं तर वीस-पंचवीस किलो बॅटरी लागते. म्हणजे 1000 लिटरच्या टाकीच्या जागी वीसेक टन बॅटरी ठेवायची, आणि वर बोट तरंगलीही पाहिजे म्हणे! किती त्या अपेक्षा.

वेगाचा मोह तर अजिबात नको. पाण्यात वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते, त्यामुळे थ्रॉटल पुढे ढकलला की स्क्रीनवरची 40 मैलांची रेंज बघता बघता 10 वर येते आणि पाहुण्यांचे चेहरे किनाऱ्याकडे वळतात. अशा वेळी शांतपणे म्हणायचं, 'आम्हाला घाई आवडत नाही.'

कोणी नॉर्वेचं उदाहरण देईल, 2015 पासून तिथे 'अँपेअर' नावाची फेरीबोट बॅटरीवर गाड्या नेते वगैरे. खरंय ते, पण तिचा मार्ग रोजचा ठरलेला, छोटासा, आणि दोन्ही धक्क्यांवर चार्जिंगची सोय. तुम्हाला जायचंय मनात येईल त्या बेटावर, तिथे प्लग कोण घेऊन उभं राहणारे?

बरं, डिझेलवाल्यांनी लगेच हसू नये. तुमची यॉट वर्षातले बरेच महिने धक्क्याला बांधलेली, टाकीच्या तळाशी पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात आणि काळा बुळबुळीत गाळ होतो. तो गाळ ढवळला जातो कधी, तर नेमक्या मोठ्या लाटा लागल्यावर, मग फिल्टर चोक आणि इंजिन गप्प. कोण म्हणतं डिझेलवाल्यांना निसर्गप्रेम नाही, टाकीतच पाळलाय की.

राहता राहिलं हायब्रिड. बॅटरी पण, डिझेल पण, दोन्हीचं वजन आणि दोन्हीचा मेंटेनन्स, हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच. रात्री नांगर टाकल्यावर केबिनचे एसी बॅटरी पिऊन टाकतात. तेव्हा पाहुणे झोपेपर्यंत थांबा, आणि मग हळूच जनरेटर चालू करा.