क्युकेनहॉफ राणीनं लावलेलं नाही आणि आपोआप फुलतही नाही

उन्हाळी सहलींचं बुकिंग सुरू झालं की दरवर्षी एक मजकूर फिरू लागतो: "हॉलंडमधलं क्युकेनहॉफ म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी राणीनं लावलेली ट्युलिपची बाग. सत्तर लाख फुलं दरवर्षी आपोआप उगवतात. मे महिनाभर केव्हाही जा." खाली रंगीत पट्ट्यांच्या शेतांचा फोटो. यातला सत्तर लाखांचा आकडा तेवढा खरा.

ही 'राणी' म्हणजे याकोबा. ती हॉलंडची काउंटेस होती. लिसे गावाजवळची ही जमीन तिच्या काळात शिकारीचं रान होती. तिच्या गढीच्या मुदपाकखान्याला लागणारं बरंच काही इथून जाई. 'क्युकेन' म्हणजे स्वयंपाकघर, नाव पडलं ते त्यावरून. याकोबा वारली १४३६ साली. आणि ट्युलिप? ते मूळचं मध्य आशियातलं, तुर्कांच्या बागांतून युरोपात आलेलं. हॉलंडमधल्या लायडन शहराच्या वनस्पती उद्यानात क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं लावलेले कंद फुलले १५९४ मध्ये. याकोबानं जन्मात ट्युलिप पाहिलं नव्हतं! क्युकेनहॉफच्या वाड्याभोवतीची बाग १८५७ मध्ये झोखर पिता-पुत्रांनी आखली, अॅमस्टरडॅमचं फोंडेलपार्क आखणारे तेच. फुलांचं प्रदर्शन तर कंद पिकवणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्या वीस जणांनी १९४९ मध्ये ठरवलं, १९५० मध्ये लोकांसाठी खुलं केलं.

'आपोआप' या शब्दाचा मला खरा राग येतो. निशिगंध एकदा लावला की दोन-तीन वर्षं फुलं देतो, म्हणून आपल्याला तसं वाटत असेल. इथे मात्र फुलं सरली की कंद उपटतात आणि शरद ऋतूत सगळे नव्यानं लावतात, हातानं. छोट्या कांद्यासारखा, तपकिरी सालीचा एकेक कंद. एकाच वाफ्यात थर लावतात: तळाशी उशिरा फुलणारं ट्युलिप, त्यावर लवकर फुलणारं, सगळ्यात वर क्रोकस नावाचं छोटं फूल. खालचे कोंब वरच्या कंदांना बगल देत वर येतात, म्हणून वाफा आठ आठवडे रिकामा दिसत नाही. हिवाळाभर थंडी मिळाली नाही तर ट्युलिप नीट फुलत नाही.

फोटोतली पट्टेरी शेतं बागेतली नाहीतच, ती आजूबाजूच्या शेतकऱ्यांची आहेत. कंद पोसावा म्हणून ते फुललेली मुंडकी छाटून टाकतात. सेल्फीसाठी सरीत पाय घालू नका, त्यांचं पीक जमिनीत आहे.

आणि बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. शाळेचा निकाल लागल्यावर, मेअखेरीस निघालात तर फाटक बंद. एप्रिलच्या मध्याची तिकिटं बघा.