इलेक्ट्रॉन फक्त वीज वाहत नाहीत

लातुरात अकरावी-बारावीच्या लेकरांच्या मोबाइलवर सध्या चार ओळींची एक नोट फिरतेय. धातू जितका जड तितका ताठ, म्हणजे ताणायला-वाकवायला अवघड. इलेक्ट्रॉनचं काम वीज आणि उष्णता वाहणं, ताठपणाशी त्याचा संबंध नाही. थरांची रचना असलेला धातू मऊच असतो, ग्रॅफाइटसारखा. आणि पाणी दिलं की पोलादाचा ताठपणा वाढतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे लाल पेनने चौकट करून वहीत उतरवलं होतं. चारही विधानं चूक आहेत आणि लेकरं ती पाठ करतायत, म्हणून लिहायला बसलो.

वजनाचं बघा. सोनं आणि टंगस्टन दोन्हींची घनता घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅमच्या आसपास. यंगचा गुणांक, म्हणजे ताणण्याला होणाऱ्या विरोधाचं माप, मात्र सोन्याचा ७९ गिगापास्कल (हे त्याचं एकक), टंगस्टनचा ४११. बेरिलियम तर १.८५ ग्रॅमचं, तरी गुणांक २८७. शिसं एवढं जड, त्याचा फक्त १६.

मग सोन्यात आणि टंगस्टनमध्ये फरक आला कुठून? इलेक्ट्रॉनांमुळेच. टंगस्टनचा डी-पट्टा (डी-कवचातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचा समूह) साधारण अर्धा भरलेला असतो: अणूंना बांधून ठेवणाऱ्या पातळ्या भरलेल्या, बंध सैल करणाऱ्या रिकाम्या. सोन्यात दोन्ही भरलेल्या, त्यामुळे बांधणीचा बराचसा फायदा वजा होतो. पोटॅशियमचं उदाहरण याहून साधं आहे. त्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना दाटीत कोंबणं किती अवघड, एवढाच हिशेब केला तर सगळीकडून दाबण्याला होणारा विरोध ३.२ गिगापास्कल येतो. मोजलेला आकडा २.८. एवढं जवळचं उत्तर आल्यावर संबंध नाही कसं म्हणायचं?

चौथं विधान आधी उरकतो. लोहार फाळाला पाणी देतो तेव्हा फाळ कठीण होतो, लवकर झिजत नाही. पण कठीणपणा वेगळा, ताठपणा वेगळा. लवचिक मर्यादेत, म्हणजे सोडल्यावर पट्टी परत सरळ होईल इतपत, सारखंच बळ लावलं, तर पाणी दिलेली आणि न दिलेली पट्टी जवळपास सारखीच वाकते. दोन्हींचा गुणांक २०० च्या आसपासच.

थरांच्या विधानाने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून पेन्सिल उमटते. पण तेच ग्रॅफाइट थरांच्या बाजूने ताणलं तर गुणांक सुमारे १०००, पोलादाच्या पाचपट. टायटेनियम, सिलिकॉन आणि कार्बनचं एक थरांचं संयुग आहे; ते धातूसारखी वीज वाहतं, हॅकसॉने कापता येतं, आणि गुणांक ३०० च्या वर.

नव्या पत्र्यावर चकचकीत फुलं दिसतात ना, ते जस्ताचे स्फटिक. जस्ताच्या एका थरात शेजारचा अणू २.६६ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), वरच्या थरातला २.९१ वर. म्हणून थरांच्या बाजूने ताठपणा (इथे यंगचा गुणांक नव्हे, ध्वनीच्या वेगावरून काढलेला) सुमारे १६० गिगापास्कल, थरांना छेदून सुमारे ६०. मॅग्नेशियमची रचना त्याच जातीची, बाहेरच्या कवचात तेच दोन इलेक्ट्रॉन, तरी दोन्ही दिशांना जवळपास ६०. जस्ताच्या आतल्या बाजूला दहा इलेक्ट्रॉनांचं भरलेलं डी-कवच आहे, ते बाहेरच्यांत मिसळतं. मॅग्नेशियमला ते नाहीच.

टँटलम डायसेलेनाइड या थरांच्या धातूत तर उणे १५१ अंशांच्या सुमारास इलेक्ट्रॉन स्वतःच लाटेसारखे दाट-विरळ होतात. अणू जागेवरून जेमतेम हलतात, पण त्याच तापमानाला यंगच्या गुणांकाचा आलेख मोडतो.

त्या मुलीने चौकट खोडली आणि विचारलं, "सर, पत्र्यावरचं एक फूल कापून मोजता येईल का?" तिथला जस्ताचा थर केसाहून पातळ, म्हणून नाही जमत. मोठा स्फटिक वाढवून त्यातून ध्वनी सोडतात; ज्या दिशेला ताठपणा जास्त, तिकडे तो वेगाने जातो. थरांच्या बाजूने तो सेकंदाला सुमारे ४.८ किलोमीटर जातो, थरांना छेदून सुमारे २.९.